तारा संपेपर्यंत

सर्व रसिक श्रोत्यांना, व्यासपीठावरच्या मान्यवरांना आणि मंडपाच्या खांबाला टेकून शेंगा सोलणाऱ्या मंडळींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून बेस गिटारच्या जादा तारा कशा सांभाळायच्या हे जाणणारा एकच माणूस होता आणि तो आता हयात नाही. प्रकरण मोठं आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढे पुढे मला स्वतःला ते जमेलच अशी खात्री देता येत नाही.

असल्या घोषणा करणं हा माझा जुना धंदा. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास मी दिवसा शहापूरच्या बाजारात एका दुकानात कापड फाडायचो आणि लग्नसराईत, गणपतीत, जत्रांत मुरबाडच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत निवेदन करायचो. पार्टी नानांची. नाना स्वतः गायचे, पार्टीची जीपही स्वतःच चालवायचे आणि दोन्ही कामं करताना डोळे मिटून घ्यायची त्यांना सवय होती. कीबोर्डवर एक प्राथमिक शिक्षक होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. ढोल आणि ड्रम बाळ्याकडे. आणि बाळ्याच्या डाव्या हाताला, स्टेजवरचा उजेड जिथे संपतो तिथे, बेस गिटार घेऊन उभे असत ते मास्तर. त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. मुरबाडच्या एका भातगिरणीत ते यंत्रावर होते आणि गिरणीतल्या बायका त्यांना मास्तर म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मला ते ‘वक्ते’ म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी कधी तपासून पाहिलं नाही.

बेस गिटारला चारच तारा असतात, जाडजूड, खर्जात बोलणाऱ्या. आमच्याकडच्या गावांना गिटार म्हणजे सहा तारांची हे सिनेमावरून पाठ झालेलं. त्यामुळे मास्तर स्टेजवर उभे राहिले की पहिल्या रांगेत हमखास कुजबूज व्हायची, ‘बिचाऱ्याच्या दोन तारा तुटल्यात बघ.’ सरळगावच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे काका मध्यंतरात स्टेजवर चढले आणि सायकलच्या ब्रेकची एक नवीकोरी तार त्यांनी मास्तरांच्या हातात ठेवली. म्हणाले, “सध्या ही लावा. एक तरी भरून निघंल.” आम्ही तोंडात रुमाल कोंबले. मास्तरांनी मात्र तार उजेडात धरली, बोटांनी चाचपली आणि म्हणाले, “चांगली हाय. लागली तर लावतो.” ते काका लग्न उरकेपर्यंत अगदी समाधानात होते.

मास्तरांचा जीव होता तो त्या तारांच्या डब्यात. बिस्किटांचा मोठा गोल पत्र्याचा डबा. गोल आणि मोठा असण्याला कारण होतं. तारेचं वेटोळं वितीपेक्षा लहान केलं की तिला मोड पडते आणि मोड पडलेली तार सुरात राहत नाही. “तारेला लोळायला जागा पायजे,” असं ते म्हणत. डब्याच्या तळाशी मलमलीच्या पुरचुंडीत तव्यावर भाजून गार केलेला तांदूळ असायचा, तो दमट हवा ओढून घेतो म्हणून. पावसाळ्यात दर आठवड्याला हा तांदूळ बदलायचे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात, पेटीतल्या कपड्यांवर बुरशी धरते, कुलपं गंजून चावीला ओळख देत नाहीत. त्या चार महिन्यांत मास्तरांच्या तारा कोऱ्या करकरीत राहायच्या. भाताची ओल ओळखण्यात ज्याची हयात गेली, त्याला तारेची ओल ओळखायला कोणी शिकवावं लागलं नाही.

चारही तारांना त्यांनी घरातल्या माणसांसारखी नावं दिली होती. सगळ्यांत जाड ती थोरली, सगळ्यांत बारीक ती धाकटी, आणि मधल्या दोघी दुसरी आणि तिसरी. पोती शिवायच्या दोऱ्याला वेगवेगळे रंग देऊन त्या दोऱ्यांनी ही वेटोळी बांधलेली असत. थोरलीला लाल, दुसरीला पिवळा, तिसरीला हिरवा, धाकटीला पांढरा. एखादी तार कार्यक्रमात वाजून परत डब्यात आली की तिच्या दोऱ्याला एक गाठ पडायची. अंधारातही नुसती बोटं फिरवून ते सांगायचे, “ही दुसरी. नऊ लग्नं झाली हिची.” बाळ्या म्हणायचा, “मास्तर, नऊ लग्नं झालेलीला घरात ठेवता, वहिनी काय बोलत नाय?”

वहिनी बोलायच्या, पण वेगळ्या कारणानं. तारांचे तीन वर्ग होते आणि नावं गिरणीतली. न उघडलेल्या त्या नव्या. तुटून अर्ध्या उरलेल्या, गाठ मारून कशातरी पुन्हा लावता येण्याजोग्या, त्या कणी. आणि वाजून वाजून आवाज बसला की ज्या उकळून पुन्हा बोलत्या केल्या जात, त्या उकड्या. जाड तारेवर बारीक तारेचा पीळ असतो, त्याच्या खाचांत घाम आणि मळ बसतो. सोडा टाकलेल्या पाण्यात त्या उकळल्या की मळ सुटतो आणि तार काही दिवस नव्यासारखी वाजते. हा उद्योग वहिनींच्या स्वयंपाकघरात, वहिनींच्या टोपात चालायचा. एका रविवारी मी जेवायला म्हणूनच गेलो होतो. चुलीवर टोप रटरटत होता, मी मोठ्या आशेनं झाकण उचललं आणि आत बघतो तर लाल दोरा बांधलेली थोरली उकळ्या खात होती. वहिनी पाटावरून म्हणाल्या, “भावजी, मीठ बघा जरा, बरोबर झालंय का.” मग ह्या तारा अंगणातल्या दोरीवर, वहिनींच्या लुगड्याशेजारी वाळायच्या. शेजारणी आधी विचारत, नंतर विचारेनाशा झाल्या.

या डब्यानं एकदा आम्हाला मारच खायला घातला असता. टोकावड्याकडच्या एका गावात हळद होती. मांडवात गर्दी झाली म्हणून कोणीतरी आमचं सामान नवरीच्या घरात नेऊन ठेवलं. नवरीच्या आजीला वाटलं, बिस्किटांचा डबा पाहुण्यांनी आणला. तिनं तो पोरांना वाटायला उघडला. आत तांदळाची पुरचुंडी, त्याभोवती लाल-पिवळ्या दोऱ्यांनी बांधलेली, गाठी गाठी मारलेली तारांची वेटोळी. आजीनं जी किंकाळी फोडली ती मांडवातल्या दोन्ही स्पीकरना जमली नसती. “करणी गो बाय, करणी! पोरीवर करणी केली कोणीतरी!” पाच मिनिटांत निम्मं गाव जमलं. आम्ही सगळे मांडवाच्या एका कोपऱ्यात, आणि माझी वाचा, जिच्यावर माझं पोट होतं, ती पार गेलेली. मास्तर गर्दीतून पुढे झाले. डब्यातली एक उकडलेली दुसरी काढली, आजीपुढे मांडी घालून बसले, गिटारवरची दुसरी उतरवून ही चढवली, कान लावून सुरात आणली आणि गिटार स्पीकरला जोडून एकच टोला दिला. आजीचा हात आपोआप छातीवर गेला. “ह्ये त्याच्यासाठी व्हय?” तिनं विचारलं. “ह्याच्यासाठी, आये.” आजीनं डबा बंद करून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “मग आमच्या पोरीच्या हळदीत ह्यातली नवीच वाजव. जुनी नको.” आणि मास्तरांनी, जे एरवी नव्या तारेचा कागद फाडताना तीन दिवस विचार करत, तिथल्या तिथे नवी लावली.

एवढी काळजी कशासाठी, असं नव्या माणसाला वाटायचं. मास्तर पार्टीत आले त्याच वर्षी भर कार्यक्रमात त्यांची एक तार गेली होती. मुरबाडला ती मिळाली नाही, शहापूरला मिळाली नाही, कल्याणच्या दुकानदारानं साध्या गिटारच्या तारा पुढे केल्या. मुंबईला जाणारा कोणी सापडून ती येईपर्यंत महिना गेला आणि महिनाभर नाना त्यांना सोडून कार्यक्रम करत राहिले. त्या महिन्यात ते गिरणीच्या दारात उभे राहून पार्टीची जीप जाताना बघायचे. “तार नाय म्हणून माणूस नाय,” एवढंच ते त्याबद्दल एकदा बोलले. त्यानंतर डबा कधी रिकामा राहिला नाही.

नव्वदचं दशक संपता संपता नानांनी नवा कीबोर्ड आणला. त्यात बासरी होती, सनई होती, सतार होती, आणि डाव्या हाताच्या चार पट्ट्यांत बेससुद्धा होता. त्याच वर्षी मोठे स्पीकर आले. जीप तीच राहिली. एका रविवारी गिरणी बंद असताना आम्ही नेहमीप्रमाणे तिथे पोत्यांवर बसून तालीम करत होतो. तालीम संपल्यावर नाना घसा साफ करू लागले. गाण्याआधी ते असं कधी करत नसत.

“मास्तर, राग नका मानू. पण स्पीकर ठेवले की जीपमध्ये एक जागा कमी पडते. आणि आता या पेटीत बेस पण हाय. सरांचा डावा हात तसा रिकामाच असतो.”

“रिकामा कुठला?” सर म्हणाले. “वहीची पानं कोण उलटतो?”

कोणी हसलं नाही. मास्तरांनी विचारलं, “म्हंजे मी नको?”

“नको असं कोण बोललं?”

“मग लागतो?”

नाना पुन्हा घसा साफ करू लागले. बाळ्या पोत्यातून बाहेर आलेला भाताचा दाणा सोलत बसला. आता शांतता सहन न होणं हा निवेदकाचा धंदेवाईक रोग आहे. मी उभा राहिलो आणि माइक हातात असल्यासारखा बोललो, “एक सुचवतो. डब्यात तारा आहेत त्या संपेपर्यंत मास्तर वाजवतील. पार्टीनं नव्या आणायच्या नाहीत. ज्या दिवशी तारा संपतील त्या दिवशी मास्तर आपणहून थांबतील. तोपर्यंत मी मागं स्पीकरवर बसेन. कसं?” सगळ्यांचा श्वास सुटला. नानांनी मनाशी धरलं, फार तर एक लग्नसराई. मास्तरांनी मांडीवरच्या डब्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “चालंल.” मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. कुणाचंही मन न दुखवता मी एका माणसाची मुदत ठरवून दिली होती.

त्या वेळी डब्यात दोन नवे संच होते आणि थोड्या उकड्या. दुसऱ्या कुणाच्या हातात ते वर्षभर टिकले नसते. मास्तरांनी चार वर्षं काढली.

काय काय केलं नाही त्यांनी! कार्यक्रम संपला की चारही तारा सैल सोडायच्या, ‘दमल्यात, निजू दे त्यांना.’ घाम टिपायला वेगळं फडकं, पीळ पुसायला वेगळं. नव्या संचातली एका वेळी एकच तार काढायची, तीही सगळ्या उकड्या आणि कण्या हरल्यावर. तुटलेली तार बुडाशी गाठ मारून पुन्हा लावायची. लग्नघरात पार्टीला आधी जेवण वाढायचे, तेव्हा हे पंगतीला बसत नसत. तेलकट बोट तारेला लागलं की तिचं आयुष्य घटतं म्हणून. आम्ही रश्शावर ताव मारायचो आणि ते बाजूला खुर्चीवर बसून आम्हाला वाढणाऱ्यांना सांगायचे, “त्या वक्त्याला वाढा अजून, त्याला बोलायचंय.” कार्यक्रम आटोपल्यावर गार झालेला भात आणि उरलं असेल ते खायचे. वहिनींना हे कळलं तेव्हा त्यांनी उकळायचा टोप कपाटात घालून कुलूप लावलं. मास्तरांनी गिरणीतून दुसरा टोप आणला.

एकदा मी त्यांना गाठून म्हटलं, “मास्तर, एक संच गुपचूप मुंबईहून आणतो. नानांना कळायचंही नाही.” त्यांनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं. मग म्हणाले, “वक्ते, मी विकत आणल्या, तर ती माझी हौस झाली. हौशीनं उभा राहायला स्टेज कशाला, घरचं अंगण हाय. मी पार्टीत उभा हाय तो लागतो म्हणून. लागत नसंल तर नाय.” मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांना हवं होतं ते एवढंच होतं, की कोणीतरी म्हणावं, मास्तर, तुम्ही लागता. आणि ते मागून घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

पण एक गोष्ट हळूहळू घडत गेली. आधी लक्षात आली नाही. मास्तर कमी वाजवू लागले. जिथे चार टोले हवे तिथे दोन, मग एक. धाकटीला तर ते हातच लावेनात, तिच्या नव्या तारा सगळ्यांत आधी संपल्या होत्या. बोटं तारेवर अशी टेकवायचे, जशी झोपलेल्या पोराच्या अंगावर टेकवतात. तारा वाचत होत्या. गाणं मात्र खालून पोकळ होत चाललं होतं. नाचायच्या गाण्यांना पाय उचलेनात. बाळ्या जास्त जोरात बडवायला लागला, सर जास्त पट्ट्या दाबायला लागले, नाना ओरडायला लागले. का ते आमच्यातल्या कोणालाच नेमकं सांगता आलं नसतं.

मला कळलं होतं, आणि मी ते ज्या रीतीनं सांगितलं त्याची आजही मला लाज वाटते. किन्हवलीच्या एका लग्नात संध्याकाळचा कार्यक्रम पडला. पडला म्हणजे लोक उठून आइस्क्रीमच्या टेबलाकडे गेले. स्टेजमागे सगळे वैतागून बसलेले, आणि मला कुणाला तरी हसवायची खुमखुमी. मी म्हटलं, “मास्तर, तुम्ही हल्ली वाजवत नाही, राखण करता. भाताच्या खाचरात बुजगावणं उभं असतं ना, तसे उभे असता. तारांवर पाखरू म्हणून बसत नाही!” आणि वर दोन्ही हात पसरून बुजगावणं करून दाखवलं. सगळे हसले. मास्तरही हसले. मग म्हणाले, “खरं हाय, वक्ते.” इतक्या सरळपणे म्हणाले, की माझे पसरलेले हात खाली कसे आणावेत हे मला कळेना.

पुढचं लग्न शहापूरला होतं, दुपारचं. मास्तरांनी डब्यातून शेवटचा नवा संच काढला. त्यात धाकटी नव्हती, ती जुनीच राहिली, पण बाकीच्या तिन्हींचे कागद त्यांनी एका दमात फाडले. मी धावत गेलो. “मास्तर, तिन्ही?”

“तिन्ही.”

“मग पुढं काय लावणार?”

“पुढचं पुढं. पयले बाजूला सरा, हात चालवायला जागा द्या.”

मग ते पंगतीत आमच्या मांडीला मांडी लावून जेवले, रस्सा दोनदा मागून घेतला, हात धुतले आणि उरलेलं पाणी पँटीला पुसलं. स्टेजवर चढून त्यांनी पहिला टोला दिला आणि आचाऱ्याच्या टेबलावरचं ग्लासातलं पाणी थरथरलं. मी अलंकारिक बोलत नाही, तो आचारी ग्लास धरायला धावलेला मी बघितला. चार वर्षं अंगात कोंडून ठेवलेलं सगळं त्या दुपारी बाहेर आलं. गाण्याच्या खाली जणू कोणी जमीन घालून दिली. नवऱ्या मुलीची मावशी काठी टेकत मांडवात आली आणि काठी खुर्चीला लावून नाचली. नानांनी गाता गाता दोनदा डोळे उघडून मागे पाहिलं. नानांनी गाताना डोळे उघडणं ही त्यांच्या दृष्टीनं केवढी दाद होती, ते त्यांची जीप ज्यांनी अनुभवली त्यांनाच कळेल. पण तोंडानं कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मी नवऱ्या मुलाच्या मामाचं, आइस्क्रीमचं, मंडपवाल्याचं, सगळ्यांचं कौतुक माइकवरून केलं.

तो उन्हाळा, ते गणपती, ती नवरात्र मास्तर असेच वाजवत राहिले. राखून काही ठेवलं नाही. आम्ही सगळे तरुण झाल्यासारखे वागत होतो. तारा मात्र थकलेल्या दिसायला लागल्या होत्या, काळ्या पडलेल्या, पीळ सुटत आलेल्या. उकळून उकळून डब्यातल्या बाकीच्यांचा जीव केव्हाच गेला होता.

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत आमचा कार्यक्रम दुपारी चारचा होता. एका बाजूला बैलबाजार, एका बाजूला घोंगड्यांची आणि मिठाईची दुकानं, मध्ये आमचं स्टेज. दुसऱ्या गाण्यात थोरली तुटली. थोरली सहसा तुटत नाही, आणि तुटली की फटाका फुटल्यासारखी तुटते. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग उरलेल्या तिघींवर त्यांनी ते गाणं शेवटपर्यंत नेलं, एक जागा न सोडता. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, नाना लोकांना हात जोडत पुढे उभे होते, त्यांना काहीच कळलं नव्हतं. मास्तरांनी गिटार उतरवली. राहिलेल्या तिन्ही तारा फडक्यानं पुसल्या, सैल केल्या, गिटारला गवसणी घातली. माझ्याजवळून जाताना थांबले.

“वक्ते, तारा संपल्या.”

तो एक क्षण होता. अट मी घातली होती, मीच ती मोडू शकत होतो. ‘खड्ड्यात गेली ती अट’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या हातात चालू माइक होता आणि समोर हजार माणसं पुढच्या गाण्याची वाट बघत होती. मी म्हटलं, “मास्तर, एक मिनिट थांबा, एवढं गाणं सांगून येतो.” मी गाणं सांगितलं, चांगलं लांबण लावून सांगितलं, आणि वळलो तर ते नव्हते. मुरबाडला जाणारी भाड्याची जीप रस्त्याला लागली होती.

ते पुन्हा आले नाहीत. नाना नवा संच कागदात गुंडाळून दोनदा गिरणीत गेले. मास्तरांनी त्यांना पोत्यावर बसवलं, चहा पाजला, संच परत त्यांच्या खिशात घातला आणि म्हणाले, “नाना, शब्द झाला होता.” त्यानंतर पार्टी तीन वर्षंही चालली नाही. भिंतीएवढे स्पीकर लावणारे आले, त्यांना गायकही लागत नव्हता. मास्तर गिरणीत होते तोवर मी शहापूरहून महिन्या-दोन महिन्यांनी जात असे. कोंड्याच्या धुळीनं त्यांची छाती धरली होती. खोकल्याची उबळ थांबली की ते दर वेळी एकच मागायचे. “वक्ते, म्हशाला मी गेल्यावर काय झालं, ते सांगा.” मी सांगायचो, नकलांसकट. मी जरा मीठमसाला घातला की त्यांना लगेच कळायचं. “नाय, ते मागच्या खेपेला नव्हतं.” शेवटी फक्त विचारायचे, “असंच बोलला?” मी म्हणायचो, “असंच.” 

कल्याणच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्यांच्या नाकाला नळी होती. वहिनी उशाशी बसल्या होत्या. त्यांनी मास्तरांच्या कानात सांगितलं, “भावजी आलेत.” मास्तरांनी डोळे उघडले आणि हातानं खूण केली, सांगा. परिचारिकेनं मला आधीच दम दिला होता, आवाज नको. आयुष्यात पहिल्यांदा मी लहान आवाजात निवेदन केलं. सांगितलं, मास्तर, तुम्ही जीपमध्ये बसलात. इकडे नानांनी गाणं उचललं. सरांनी डाव्या हातानं बेस धरला, आणि खोटं कशाला बोलू, एक सूर चुकला नाही. बाळ्या सुरू झाला. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला बाळ्या डावीकडे बघायला लागला, तिथं कोणी नव्हतं. तो पुढे बघे, पुन्हा डावीकडे बघे. हात अडखळायला लागले. चौदा वर्षं एकाच बाजूनं आवाज घेऊन ज्यानं वाजवलं, त्याला आता आपला टोला कशावर टाकायचा तेच सापडेना. तिसऱ्या ओळीला त्याच्या काठ्या हवेतच राहिल्या. नाना डोळे मिटून गातच होते. आणि बाळ्याच्या पुढ्यात ढोलासाठी लावलेला माइक चालू होता, त्यामुळे त्याच्या तोंडून जे निघालं ते मिठाईच्या दुकानांवरून पार बैलबाजाराच्या टोकापर्यंत गेलं:

“ओ नाना, थांबा! पयले मास्तरला आणा, मला माझाच ढोल ऐकू येत नाय!”